साक्ष घेणारे अण्णा

अण्णांनी मला नापास केलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, लग्नाला सात महिने झाले होते आणि माझी तयारी पूर्ण होती.

आमच्या मंडळीत तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस कळता व्हावा, त्याला स्वतःला वाटावं, मग त्यानं रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून आपला विश्वास कसा बसला ते सांगावं, अशी रीत आहे. याला साक्ष देणं म्हणतात. साक्ष झाली की प्रश्न होतात. मग त्या माणसाला बाहेर उभं करतात आणि आतले सभासद हात वर करून ठरवतात. प्रश्न विचारायचं काम अण्णांचं होतं. मी मूळचा मैंदर्गीचा, घरी मराठी आणि कानडी. ही मंडळी बायकोच्या माहेरची, सोलापूरच्या भवानी पेठेतली, सगळी तेलुगू. परक्या माणसांत आपण कमी पडू नये म्हणून मी कागदावर लिहूनच नेलं होतं: सात महिन्यांत किती अध्याय वाचले, किती रविवार आलो, किती चुकले आणि का चुकले.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अल्लुडु, हे समदं बराबर मोजलंय तुमी. आता न मोजलेलं कायतर सांगा की."

माझ्याकडं तसलं काही नव्हतं. "थांबा मग," अण्णा म्हणाले. "एक वरीस." तेलुगूत जावयाला अल्लुडु म्हणतात. पेठेतल्या एका मुलीशी लग्न केलं म्हणून मी सगळ्या पेठेचाच जावई, असा त्यांचा हिशेब होता, आणि शेवटपर्यंत ते मला अल्लुडुच म्हणाले.

अण्णांना जाऊन दहा महिने झाले. प्रश्न विचारायचं काम आता माझ्याकडं द्यावं असं मंडळीतले लोक म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. का म्हटलेलं नाही, ते नीट सांगायचं तर आधी अण्णांविषयी सांगायला हवं.

अण्णा पाळक, म्हणजे पाद्री, नव्हते. पाळकसाहेब बाहेरगावचे, महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार अण्णांचे. चौतीस वर्षं त्यांनी भवानी पेठेत यंत्रमागावर टॉवेल विणले, आणि हात कापायला लागले तेव्हा माग सोडून घरी चरख्यावर कांड्या भरायला बसले. मागाच्या धोट्यात सुताची जी नळी बसते ती कांडी. रविवारचा उपदेश ते आदल्या दिवशी कांडी भरता भरता मोठ्यानं म्हणून बघत. कांडी भरली की उपदेश संपला पाहिजे. उरलेला भाग टाकून द्यायचा, मग तो कितीही चांगला असो. मी दोन-तीनदा घड्याळ लावून पाहिलं. अकरा मिनिटांच्या वर कधी गेले नाहीत. पाळकसाहेब पाऊण तास बोलत.

आधी तेलुगूत बोलायचे, मग तेच मराठीत, कारण पेठेत जन्मलेल्या पोरांना घरातली तेलुगू येत असे पण बायबलातली कळत नसे. मराठीत त्यांच्याकडून देवाबरोबर दया आणि शांतीही पुल्लिंगी होऊन जात. पोरं हसत. अण्णा थांबून म्हणत, "हसा, हसा. पण कळलं का?" पोरं म्हणत, "व्हय." "मग झालं की."

ही आमची मंडळी मेनोनाइट. हे नाव सोलापुरात फारसं कोणाला माहीत नाही, आणि मला स्वतःला लग्नाआधी माहीत नव्हतं. तेलंगणाच्या पालमूर भागात फार वर्षांपूर्वी या पंथाचे गोरे मिशनरी आले. तिथले लोक त्यांना दोर म्हणत, म्हणजे साहेब. पुढं दुष्काळात आणि कामाच्या शोधात तिथली माणसं सोलापूरच्या मागांवर आली, तेव्हा येताना हा विश्वास घेऊन आली. या लोकांचे दोन-तीन नियम कडक आहेत. हत्यार धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही आणि कोणाला जबरदस्तीनं आत घ्यायचं नाही.

हत्याराचा नियम अण्णा इतका पाळत की दिवाळीत पेठेतल्या पोरांच्या हातातली टिकल्यांची पिस्तुलंसुद्धा त्यांना बघवत नसत. पोराला बोलवायचे, खिशातून शिट्टी काढायचे आणि अदलाबदल करायचे. पोरं हुशार. ती जुनी, मोडकी पिस्तुलं शोधून आणायची आणि शिट्टी घेऊन पळायची. सून म्हणायची, "मामा, पोरं फसवत्यात तुमाला." अण्णा म्हणायचे, "पिस्तूल आलं ना घरात? मग कोण फसलं?"

शपथेचा किस्सा मी स्वतः पाहिलेला आहे. रेशनकार्डात नातीचं नाव घालायचं होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागत होतं. मी सोबत गेलो. छापील कागदावर "शपथेवर लिहून देतो की" असं होतं. अण्णांनी खिशातून पेन काढून तेवढे शब्द खोडले.

कारकून म्हणाला, "आजोबा, काय करताय? शपथ पायजेच."

"आमच्यात घेत नाहीत. तुमी इचारा, मी खरं सांगतो."

"शपथ घेतल्याबगर खरं हाय का खोटं, कसं कळणार आमाला?"

"शपथ घेऊन खोटं सांगणारे रोज किती येत्यात तुमच्याकडं?"

कारकुनानं थोडा विचार केला. "बक्कळ येत्यात," तो म्हणाला.

"मग?"

त्या दिवशी काम झालं नाही. चौथ्या खेपेला दुसऱ्या साहेबांनी "गांभीर्यपूर्वक कथन करतो" असं लिहून घेतलं आणि नाव लागलं. मी चार अर्धे दिवस रजा टाकली होती. बायको म्हणाली, "एक सही करायला काय झालं असतं त्यांना?" मला तेव्हा बायकोचंच पटलं होतं.

तिसरा नियम, जबरदस्ती न करण्याचा. तो अण्णांकडं त्यांच्या वडिलांकडून आला. वडील एका दोरच्या बैलगाडीवर गाडीवान होते. दोर गावोगाव फिरून सांगायचा आणि हे गाडी हाकायचे, तंबू ठोकायचे, ऐकायचे. अशी नऊ वर्षं गेली. "नऊ वरसं," अण्णा बोटं दाखवून सांगत. "दोरनं एकदा पण इचारलं न्हाय की बाबा, तुला काय वाटतं. एकदा पण. मग एक दिवस नाईनानं मदी रस्त्यात गाडी थांबवली. खाली उतरला आणि म्हणाला, दोरा, मला सांगायचंय." नाईना म्हणजे वडील. हे सांगताना अण्णांचा आवाज दर वेळी बारीक व्हायचा. आपल्या बापाला कोणी ढकललं नाही, तो आपल्या पायांनी आला, हा त्यांच्या घराण्याचा सगळ्यात मोठा मान होता.

त्यांचा मुलगा दानियल एकदा जेवताना म्हणाला होता, "अण्णा, दोरला तेलुगू येत नसंल. म्हणून इचारलं नसंल." आम्ही सगळे हसलो. अण्णाही हसले. पण दानियल जे बोलला ते मला पुढं अनेकदा आठवलं. एका परक्या माणसाचा संकोच किंवा सभ्यपणा, काय असेल ते, तीन पिढ्यांनी त्याचा कायदा झाला होता.

अण्णांचे प्रश्न तीन. तुला हे कधीपासून वाटायला लागलं? कोणाशी भांडण आहे का, असेल तर मिटवलंस का? आणि तिसरा: उद्या तुझ्या घरातलं कोणी इथं येईनासं झालं, तर तू येशील का? पहिल्या दोनात कोणी अडकत नसे. तिसऱ्याला बहुतेक जण पटकन "येईन" म्हणत, आणि मग अण्णा त्यांच्याकडं नुसते बघत राहत. त्या बघण्यात बरेच जण गळत. मी मंडळीत आल्यापासून अण्णांनी साठ जणांना प्रश्न विचारले. एकोणीस जणांना थांबा म्हणाले. त्यातले सोळा नंतर पुन्हा उभे राहिले, मीही त्यांत. दोघं सोलापूर सोडून गेले. उरला एक, तो दानियल.

दानियल जॉबर होता, म्हणजे माग दुरुस्त करणारा. पेठेतला कोणताही माग बंद पडला की त्याला बोलावणं यायचं. बोलायला मोकळा, चेष्टेखोर, कोणाचं मन न दुखवणारा. सव्वीस वर्षांचा होता, मुलगी एस्तेर दीड वर्षाची होती, तेव्हा तो साक्ष द्यायला उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, अण्णांच्याच घरचा, नुसता उपचार आहे.

अण्णांनी पहिले दोन प्रश्न विचारले. मग तिसरा. दानियलनं पटकन उत्तर दिलं नाही. आम्ही जमायचो त्या खोलीला लागूनच माग होते, ते चालू होते. मग तो म्हणाला, "अण्णा, खरं सांगू का? मला म्हाईत न्हाय. ल्हानपणापासून मी तुमच्याकडं बघून येतोय. तुमी येता म्हणून येतो. तुमी नसाल तर मी काय करीन, ते आत्ता कसं सांगू?"

अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "थांब मग."

त्याला बाहेर पाठवलं. अण्णा आम्हाला म्हणाले, "पोरगा माझा हाय म्हणून मी आदी सांगतो. हा माझ्यासाठी येतोय. हे चालत न्हाय. दुसऱ्याच्या पोराला चाललं नसतं. ज्यांना घ्यावं वाटतं त्यांनी हात वर करा."

हात मोजायचं काम माझ्याकडं होतं. सत्तेचाळीस सभासद हजर होते. वर आलेले हात शून्य. तोपर्यंत ऐकलेल्या सगळ्या साक्षींमध्ये ती सगळ्यात खरी आहे असं मला त्या क्षणी वाटलं होतं, आणि तरी माझा हात खाली होता. मोजणाऱ्यानं मत द्यायचं की नाही याबद्दल आमच्यात काही नियम नाही. मी नियम नसल्याचा फायदा घेतला.

त्यानंतर पंधरा वर्षं दानियल दर रविवारी आला. हे मी हजेरीवरून सांगतो. बायकोला, मुलीला घेऊन यायचा, मागून तिसऱ्या चटईवर बसायचा. महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची भाकर आणि पेला फिरे. ते फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असे. ताट त्याच्यापर्यंत आलं की तो ते दोन्ही हातांनी घ्यायचा आणि शेजारच्याकडं द्यायचा. कधी मान खाली घातली नाही, कधी रागानं ढकललं नाही. पंधरा वर्षं. दर रविवारी शेवटी अण्णा विचारत, "कुणाला साक्ष द्यायची हाय का? असंल त्यांनी उभं ऱ्हावं." असं विचारताना ते भिंतीकडं बघत. दानियलकडं कधीच नाही. त्याच्याकडं बघितलं असतं तर ते त्याला ढकलल्यासारखं झालं असतं.

घरात बापलेकांचं उत्तम होतं. एका ताटात जेवत. अण्णांचे पाय दुखले तर दानियल रात्री तेल लावून देई. फक्त या एका गोष्टीबद्दल दोघं बोलत नसत.

माझ्याशी मात्र दोघंही बोलले. आधी अण्णा बोलले. कारखान्यातून येताना मी त्यांच्याकडं टेकायचो. मी टॉवेल तपासतो, लांबी, रुंदी, वजन, इंचाला धागे किती, आणि त्यांना माझ्याकडून कारखान्यातल्या चुका ऐकायला आवडत. एकदा मी असाच बसलो असताना ते चरखा थांबवून म्हणाले, "त्यो कदीतर उठंल, अल्लुडु. मला वाटतं रोज. पण त्यानं उठायचं असतंय. मी म्हटलं तर ते त्याचं ऱ्हात न्हाय, माझं हुतंय." मी हो म्हणालो.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी दानियल माझ्याकडं चहाला आला होता. एस्तेरच्या शाळेचं काहीतरी बोलणं निघालं, त्यावरून अण्णांचं. तो हसत म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्यानं एकदा नुसतं म्हटलं ना, ऊठ रे, तर मी त्याच रविवारी उठतो. पण म्हणायचा न्हाय त्यो." मग हसणं थांबवून म्हणाला, "मला लई वाटतं, भावजी, म्हणावं त्यांनी."

म्हणजे दोघांकडचं काय ते मला ठाऊक झालं, आणि दोघांच्याही तोंडून ते ऐकलेला मी एकटाच माणूस होतो. मी दोघांपैकी कोणाला काही सांगितलं नाही. कारण विचारलं असतं तर मी अण्णांचाच नियम सांगितला असता, की या बाबतीत मध्ये पडायचं नाही, निरोप पोचवणं हेसुद्धा ढकलणंच आहे. ते कारण खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. अण्णांनी माझ्याकडं बघून "तुमी कशाला मदी पडता" म्हणावं, हे मला नको होतं. एकदा त्यांच्याकडून नापास झालो होतो, पुन्हा व्हायची इच्छा नव्हती.

दानियल एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, माग दुरुस्त करत फिरला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं आणि पाचव्या दिवशी पहाटे संपलं. पाळकसाहेबांना यायला उशीर होणार होता, म्हणून कबरीवरची प्रार्थना अण्णांनीच केली. आमच्यात त्या वेळी सांगतात, हा भाऊ अमुक वर्षी साक्ष देऊन मंडळीत आला. अण्णा तिथपर्यंत आले, थांबले, आणि ते वाक्य सोडून पुढचं म्हणाले. एस्तेर माझ्या बायकोचा हात धरून उभी होती, सोळा वर्षांची.

दहाव्या की अकराव्या दिवशी दुपारी अण्णा माझ्या घरी आले. अकराव्या. ते स्वतःहून कधी कोणाच्या घरी जात नसत. बायकोनं चहा दिला.

"दानी बसायचा तुमच्यापाशी," ते म्हणाले.

"हो."

"कदी काय बोलला का? ह्याबद्दल?"

बायको आतल्या दारात उभी होती. तिला माहीत होतं. दानियल बोलला त्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं. तिनं मला नाही म्हणायची खूण केली, मान हलवून. पण अण्णांसमोर मला नाही म्हणता येईना.

"बोलला होता," मी म्हणालो. "तुम्ही एकदा ऊठ म्हणालात तर उठतो, म्हणाला होता. म्हणावं त्यांनी, असं फार वाटतं, म्हणाला."

अण्णांनी कप खाली ठेवला. "कवा?"

"सहा वर्षं झाली."

"सा वरसं." ते जमिनीकडं बघत होते. "म्हंजे रविवार किती?"

"तीनशे बारा," मी म्हणालो. "एखादा इकडंतिकडं."

आकडा तोंडातून गेल्यावर मला कळलं. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. आयुष्यभर मी तसाच आहे, कोणी आकडा विचारला की मी देतो. बायको आत निघून गेली.

अण्णा उठून दारापाशी गेले. मग म्हणाले, "तुमी तवा सांगितलं असतं, तरी मी म्हटलं नसतं, अल्लुडु."

हे खरं होतं की माझ्यासाठी म्हटलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर ते चौदा महिने जगले. मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी ते आले. उपदेश केला, नेहमीपेक्षा कमी, सहा-सात मिनिटांचा. शेवटी साक्षीची वेळ आली. अण्णा भिंतीकडं वळले नाहीत. ते सरळ मागून तिसऱ्या चटईकडं बघायला लागले, जिथं सून आणि एस्तेर बसल्या होत्या, आणि म्हणाले, "एस्तेर. ऊठ, अम्मा."

अम्मा ते लाडानं कुठल्याही मुलीला म्हणत, पण ऊठ असं कधी कोणाला म्हणाले नव्हते. मंडळीतल्या जुन्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एस्तेर उठून उभी राहिली. ओढणी नीट केली. आजोबांकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही काही का बोलेना, मी सगळ्यात आधी हात वर करणार, मोजणी गेली खड्ड्यात.

"ताता," ती मराठीतच म्हणाली, "मला अजून तसं वाटत नाही. तुमच्यासाठी म्हणू का?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. त्यांनी हो म्हटलं असतं तर तिनं म्हटलं असतं.

अण्णांनी दोन्ही हात समोरच्या टेबलावर टेकवले. ओठ हलले, पण मागांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

"बसू?" एस्तेरनं विचारलं.

"बस."

ती बसली. तिच्या आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. अण्णा उभेच राहिले. यानंतर गाणं असतं आणि ते तेच सुरू करत. आम्ही सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो होतो आणि ते आमच्याकडं बघत होते. त्या जागी आता मी उभं राहावं म्हणतात, आणि कोणाला थांब म्हणायचं नि कोणाला ऊठ, ते मला अजून कळलेलं नाही.